लेकीचे फावडे

आमच्या धाकटीच्या घरी दारामागच्या खुंटीवर एक फावडे टांगलेले असते. नारिंगी रंगाचे, ॲल्युमिनियमचे, दांडा काढून पिशवीत घालता येईल असे सुबक फावडे. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे कॅनडात, कॅलगरीला, मुक्कामाला गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी माझी नजर त्यावर गेली. म्हटले, पोरीला बागकामाचा नाद लागला वाटते. या गावात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत अंगणात बर्फाखेरीज काही उगवत नाही, हे ध्यानात यायला मला चार दिवस लागले.

"दारातला बर्फ ओढायला असेल," सौभाग्यवती म्हणाल्या. पण त्या कामाचे हातभर रुंद फावडे गॅरेजात होते, आणि ते चालविण्याचा मान जावईबापूंकडे होता. शेवटी रात्री जेवताना मी विचारलेच.

"ते होय?" भातावर वरण घेत धाकटी म्हणाली, "ते माणसं उकरायला."

हिच्या हातातला डाव तसाच राहिला.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. पोरगी स्की करते हे आम्हांला ठाऊक होते. फोटोही पाहिले होते. पण आम्ही समजत होतो की ते सगळे राखलेल्या मैदानावर चालते. वर न्यायला पाळणा, दोरी लावून आखलेली वाट, जागोजाग पहारेकरी. तसे ते नव्हते. ही आणि तिच्या टोळीतले तिघेजण स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून, आपल्या पायांनी, उघड्या डोंगरावर चढून जातात आणि कोणाचा पाय न लागलेल्या बर्फावरून उतरतात. याला तिकडे बॅककंट्री म्हणतात. तिथे पाळणा नाही, पहारा नाही, आणि वरचा बर्फ सुटून खाली आला तर हाकेच्या अंतरावर आपल्या सोबत्यांखेरीज कोणी नाही.

"मुळीच जायचं नाही," मी म्हणालो. चौतीस वर्षांच्या, स्वतःच्या पगारावर घर घेतलेल्या बाईला हे सांगताना माझा आवाज फारसा भरदार लागला नाही, हे मलाही जाणवले.

"जानेवारीत माझं शिक्षण आहे, बाबा. हिमलोटाचं. पहिली पायरी दोन वर्षांपूर्वी केली, आता दुसरी. चार दिवसांचं आहे, बहुतेक सगळं उघड्यावर."

"शिकलं म्हणून बर्फ खाली यायचा थांबतो का?"

"नाही थांबत. म्हणून तर शिकायचं."

मी निवृत्त कारकून. एखादी गोष्ट मनाला लागली की तिची फाईल उघडायची, ही जुनी खोड. जावईबापूंच्या संगणकावर बसून मी हिमलोटांची फाईल उघडली, आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही. कॅलगरीहून पश्चिमेला गेले की रॉजर्स पास नावाची खिंड लागते. तिथे 1910 सालच्या 4 मार्चला रात्री रेल्वेचे मजूर रुळांवर आलेला एक हिमलोट उपसत होते. तो एका बाजूच्या डोंगरावरून आला होता. उपसणी चालू असता समोरच्या डोंगरावरून दुसरा आला. 58 माणसे गेली. त्यांतले 32 जपानहून पोट भरायला आलेले मजूर होते. त्यानंतर कंपनीने खिंडीखालून बोगदाच खणला, तो 1916 मध्ये सुरू झाला. पुढे 1962 मध्ये त्याच खिंडीतून मोठा रस्ता झाला, तेव्हापासून तिथे लष्कराच्या तोफा डोंगरावर गोळे डागून बर्फ वेळेआधीच खाली पाडतात. शत्रू म्हणून बर्फावर तोफा रोखणारे सरकार मी प्रथमच पाहिले.

पण झोप उडाली ती 2003 च्या पानांनी. त्या हिवाळ्यात कॅनडात 29 माणसे हिमलोटांनी गेली. 20 जानेवारीला एका ठिकाणी सात. मग 1 फेब्रुवारीला, त्याच रॉजर्स पासजवळ, कॅलगरीच्या दक्षिणेकडल्या एका शाळेची सात मुले. सतराजण रांगेने खोऱ्यातून चालले होते. वरून आलेल्या लोटाने सारे झोडपले. योगायोगाने दोन पर्वत-मार्गदर्शक जवळपास होते, ते धावले, उकरू लागले, म्हणून बाकीचे तरी वाचले. त्या दुःखातून त्या देशाने पुष्कळ केले. पुढल्याच वर्षी हिमलोटांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, रोजचे इशारे नीट प्रसिद्ध होऊ लागले, आणि डोंगरातल्या वाटांची सोपी, कठीण, गहन अशी प्रतवारी झाली. धाकटीचे शिक्षणही त्याच केंद्राने आखलेले.

आपल्याकडची पाने काही कमी नाहीत. 2016 च्या फेब्रुवारीत सियाचिनवर दहा जवान गाडले गेले होते. त्यांतले धारवाडकडचे हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, तेव्हा आपण सगळे दूरचित्रवाणीसमोर हात जोडून बसलो होतो. ते 11 फेब्रुवारीला गेले. आणि 2022 च्या 4 ऑक्टोबरला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा या शिखरावर जी माणसे सापडली, त्यांत बहुतेक गिर्यारोहणाचे शिक्षण घ्यायला आलेली तरुण मुले होती. हे मी धाकटीला ऐकवले. माझा हुकमाचा एक्का होता तो.

ती गप्प झाली. मग उठून स्वयंपाकघरात गेली.

"आई, साखर कुठे आहे? आणि बेसन?"

पोळपाटावर तिने एक ओले फडके अंथरले. त्यावर पेलाभर साखर सारखी पसरली. साखरेवर बेसनाचा चांगला बोटभर थर, वाटीने हलकेच दाबून. "हा आमच्या रॉकी पर्वतांतला बर्फ," ती म्हणाली. हिवाळ्याच्या सुरुवातीला इथे बर्फ थोडा पडतो आणि थंडी कडक असते. खाली जमीन त्या मानाने ऊबदार. मग त्या पातळ थरातून वाफ वर जाऊ लागते आणि बर्फाचे कण एकमेकांना सोडून साखरेसारखे मोकळे होतात. पुढे त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून पाटासारखा घट्ट करतो. वरून पाहाल तर स्वच्छ, गुळगुळीत, भक्कम. खाली मात्र साखर.

तिने पोळपाट हळूहळू कलता केला. काही झाले नाही. आणखी कलता केला. काही नाही. "आता आपल्या वाड्यातल्या जिन्याएवढा चढ झाला," ती म्हणाली. "30 ते 45 अंश. बहुतेक लोट याच चढावर सुटतात. फार उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही, आणि सपाटीवर तो सरकत नाही. आणि स्की करायला मजा येते तीही नेमकी याच चढावर." मग तिने खालच्या कडेला नुसते बोट टेकवले. वर, बोटापासून वीतभर अंतरावर, बेसनाला आडवी भेग गेली आणि सबंध पाट एकदम खाली, ओट्यावर.

माणूस ज्या लोटात सापडतो तो दहांतून नऊ वेळा त्याने स्वतः किंवा त्याच्याच टोळीतल्या कोणी सोडविलेला असतो. आभाळातून कोसळत नाही. हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

"ते बेसन लाडवांचं होतं," ही म्हणाली; पण रागावली नाही. तीही ओट्याकडेच पाहत होती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात शिक्षण झाले. रोज संध्याकाळी ती गाल लाल करून यायची आणि मी तिची वही वाचायचा. बर्फात छातीएवढा खड्डा खणायचा. त्याच्या भिंतीतून 30 सेंटिमीटर लांबीरुंदीचा खांब मोकळा करायचा. खांबावर फावडे पालथे ठेवून त्यावर 10 वेळा मनगटापासून, 10 वेळा कोपरापासून आणि 10 वेळा खांद्यापासून थापट्या मारायच्या. कितव्या थापटीला कोणता थर घसरला ते टिपून ठेवायचे. वैद्याने नाडी पाहावी तसा प्रकार. पण वहीत खाली लाल शाईत लिहिले होते, की एका खड्ड्याने डोंगराची खात्री होत नाही. खड्डा 'जाऊ नका' असे सांगेल तर ऐकावे, 'जा' असे सांगेल तर त्यावर विसंबू नये. ज्योतिष्यांच्या बाबतीत मी उलटे करत आलो आहे.

त्या शनिवारी ती म्हणाली, "बाबा, चला, तुम्हांलाच शिकवते." कॅलगरीत अधूनमधून चिनूक नावाचा उबदार वारा सुटतो आणि दिवसभरात पारा वीसवीस अंश वर चढतो. तसा दिवस होता. दीड तास मोटारीने जाऊन आम्ही डोंगरापासून दूर, एका सपाट, निर्धोक माळावर उतरलो. टोळीतले तिघेही आले होते. मला काका म्हणायचे त्यांना धाकटीने शिकवून ठेवले होते; त्यांतला एक तांबड्या दाढीचा गृहस्थ "खाखा" म्हणे.

माझ्या छातीशी त्यांनी तळहाताएवढे एक यंत्र बांधले. याला ट्रान्सीव्हर म्हणतात. पूर्वी लोक कमरेला लांबलचक लाल दोरी बांधून तिचे टोक मागे सोडत. माणूस गाडला गेला तरी दोरीचा एखादा वेढा वर राहील, ही आशा. अमेरिकेत 1968 च्या सुमारास जॉन लॉटन या गृहस्थांनी पहिले यंत्र बनविले. आता जगभर सगळ्या कंपन्यांची यंत्रे 457 किलोहर्ट्झ या एकाच लहरीवर बोलतात. सकाळी निघताना प्रत्येकाने आपले यंत्र चालू केले की ते दिवसभर टकटक संदेश सोडत राहते. कोणी गाडला गेला की उरलेल्यांनी खटका फिरवून ऐकत्या बाजूला न्यायचा. एकाचाही संदेश सोडता राहिला तर सगळे त्या जिवंत, उभ्या माणसालाच शोधत बसतात.

"तोंड फिरवून उभे राहा," धाकटी म्हणाली. तिघांनी कुठेतरी खणल्याचे आवाज आले. तिने आपली पाठपिशवी, आत एक चालू यंत्र ठेवून, मीटरभर खोल पुरली होती. वर सगळे तुडवून सारखे केलेले. मग तिने हातातले घड्याळ दाखवले.

"धावू नका आधी. वर पाहा. दुसरा लोट येण्यासारखा आहे का? मग माणसं मोजा. मग शेवटचं कुठे दिसलं ते आठवा. आता या."

मला 1910 चे मजूर आठवले आणि मी खरोखरच वर पाहिले.

संदेश मिळायलाच मला चार मिनिटे लागली. चाळीसपन्नास मीटरच्या आत जावे तेव्हा यंत्र बोलू लागते. मग पडद्यावर बाण आणि आकडा. 38. मी सरळ चाललो, आकडा वाढू लागला. "बाणाबरोबर वळा," ती ओरडली. शाळेत लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकून ज्या वाकड्या रेघा काढतात, त्याच रेघांवरून हे यंत्र माणसाला नेते. सरळ नव्हे, अर्धवर्तुळ घेऊन. तीन मीटरवर आल्यावर गुडघे टेकून यंत्र बर्फाला लावायचे आणि इकडून तिकडे, पुढून मागे सरकवून सर्वांत लहान आकडा शोधायचा. माझ्या खिशात भ्रमणध्वनी होता. त्याने आकडे नाचू लागले, तेव्हा तो काढून फेकावा लागला. मग अडीच मीटरची घडीची सळई. बर्फात काटकोनात खुपसायची, लागले नाही तर वीतभर सरकून पुन्हा, गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल. सातव्या वेळी काहीतरी मऊ लागले. दगड लागतो तसे नाही, जमीन लागते तसे नाही. तो स्पर्श सांगता येत नाही. सळई तिथेच ठेवायची, काढायची नाही.

मग मी ते नारिंगी फावडे घेतले आणि सळईपाशीच खणायला लागलो.

"तिथे नाही बाबा! तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे आहात!"

उताराच्या खालच्या अंगाला सरकून, आडवे आत खणत जायचे असते, म्हणजे बर्फ उचलावा न लागता मागे ढकलता येतो आणि गाडलेल्याच्या तोंडापुढची हवेची जागा चेपत नाही. चौघेजण असले तर बाणाच्या टोकासारखे उभे राहून मागच्या मागे ओढतात, आणि पुढचा थकण्याआधी जागा बदलतात. मी एकटा होतो. तुडवून घट्ट झालेला बर्फ हा बर्फ नसतोच, ती ओली रेती असते. खरा लोट थांबतो तेव्हा तो याहून घट्ट होतो म्हणे. माझा श्वास चढला, चष्म्यावर धुके आले. शेवटी पिशवीचा निळा पट्टा दिसला.

धाकटीने घड्याळ माझ्यापुढे धरले. 19 मिनिटे.

कोणी काही बोलले नाही. सगळ्यांना आकडा माहीत होता. मीही फाईलमध्ये तो वाचला होता. पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जगतात. अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण तिघांत एकावर येते. म्हणजे मदतीला कोणाला बोलवायला जाण्यात अर्थ नसतो. हेलिकॉप्टर येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. वाचवायचे ते शेजारी उभा असलेल्यानेच.

पिशवी तिची होती. निळी, मी पुण्याहून लक्ष्मी रस्त्यावरून घेऊन दिलेली. मी म्हणालो, "पुन्हा पुरा."

त्या दिवशी मी पाच वेळा ती पिशवी शोधली. पाचव्या वेळी नऊ मिनिटे लागली. तांबड्या दाढीने पाठ थोपटली. परत येताना गाडीत मला उजवा खांदा हलवता येत नव्हता, आणि मी घरी जाऊन हिला काय सांगावे याची जुळवाजुळव करत होतो.

पण मला खरे सांगायचे आहे ते यानंतरचे. शिक्षणाच्या वहीचे शेवटचे प्रकरण बर्फाचे नव्हते. माणसांचे होते. इयान मॅकॅमन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतले सातशेवर अपघात तपासले. त्याला दिसले की धोक्याच्या खुणा बहुधा डोळ्यांसमोर असतात. तरी माणसे पुढे जातात. का? जागा ओळखीची असते. इतक्या लांब आलो आता परत कुठे फिरायचे, असे वाटते. बरोबर एखादा जाणता असतो, त्याच्यापुढे बोलायचे कसे? दुसरी टोळी तिथून गेलेली दिसते. चारचौघांत भित्रा ठरायला नको, असे वाटते. कॅनडात धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत, आणि माणसे सर्वांत जास्त मरतात ती चौथ्या-पाचव्या पायरीच्या दिवशी नव्हे, तर तिसऱ्या. त्या दिवशी जावे की न जावे ते चर्चेवर असते, आणि चर्चेत कोणीतरी गप्प बसलेला असतो.

त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. धाकटीने विचारले, "काय झालं?"

1981 च्या जुलैमध्ये आमच्या कचेरीतले आम्ही नऊजण मावळात सहलीला गेलो होतो. परतीच्या वाटेवर एक ओढा होता. सकाळी गुडघाभर पाण्यातून हसत-खिदळत आलो होतो. दुपारी वर डोंगरात पाऊस झाला असावा. मी काठावर उभा होतो. पलीकडे एक काळा दगड होता, म्हशीच्या पाठीसारखा. आम्ही आलो तेव्हा तो सबंध दिसत होता. आम्ही बूट काढेपर्यंत तो अर्धा दिसेना. पाण्याला मातीचा रंग आला होता. हे मी पाहिले. पाच-सात मिनिटे पाहत होतो. पण आमचे साहेब म्हणाले, "हात धरा आणि चला, साडेपाचची गाडी आहे." ते अनुभवी होते, त्या बाजूचे होते. बाकीचे पाण्यात उतरले. मी नवा, सगळ्यांत धाकटा. मी बोललो नाही. हात धरून उतरलो.

माझा उजवा हात ज्याच्या हातात होता तो गेला. दुसऱ्या दिवशी दोन मैल खाली सापडला. मी त्याच्या घरी गेलो, कचेरीतले सगळेच गेलो, वर्गणी काढली. त्या दगडाबद्दल मी कोणालाही सांगितले नाही. साहेबांना नाही, त्याच्या आईला नाही, लग्न झाल्यावर हिलाही नाही. ते मी कॅलगरीच्या त्या स्वयंपाकघरात, 68 व्या वर्षी, लेकीला सांगितले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. "तुम्ही बोलला असतात तरी त्यांनी ऐकलं असतं की नाही, कोण जाणे," अशी समजूत तिने घातली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. तिने वही उलटून एक ओळ दाखवली. त्यांच्या टोळीचा नियम होता. चौघांतल्या एकाने जरी 'नको' म्हटले तरी चौघांनी परत फिरायचे. कारण विचारायचे नाही, आणि पुढे थट्टा करायची नाही.

मी मान वर केली तेव्हा ही दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. तिने येऊन माझ्यापुढचा निवलेला चहा उचलला आणि तो गरम करायला गेली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी धाकटी पहाटे पाचला निघाली. मी दारापर्यंत गेलो. फावडे, सळई, यंत्र असे मीच एकेक मोजून पिशवीत घातले. यंत्राचा दिवा लागलेला पाहिला. 'जाऊ नकोस' हे शब्द तोंडात होते, ते तिथेच राहिले. धोक्याची पायरी त्या दिवशी तिसरी होती.

परतल्यावर फोन करायची वेळ ठरली होती दुपारी चारची. साडेतीनपासून जावईबापू दूरदर्शनचे केंद्र बदलत होते आणि एकही कार्यक्रम पाहत नव्हते. हिने कुकर लावला होता. साडेचार झाले. डोंगरात सगळीकडे फोन लागत नाहीत, हे मला माहीत होते. पावणेपाच झाले. मी दारामागच्या रिकाम्या खुंटीकडे पाहायचे नाही असे ठरवून खिडकीशी बसलो.

पाचला सात मिनिटे असताना फोन वाजला.

"बाबा, आम्ही गाडीपाशी आलो. उशीर झाला, कारण उतरायला लांबची वाट घेतली. माथा दोनशे मीटर राहिला होता. पायाखाली धप्प असा आवाज आला, आणि पुढे बर्फाला भेग गेली. खालची साखर बसल्याचा आवाज असतो तो. तिघं म्हणत होते, कडेकडेने जाऊ, इतकं आलोय."

"मग?"

"मग परत फिरलो."

"नको कोण म्हणालं?"

"मी."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिला वाटले फोन तुटला. "ऐकू येतंय ना? आम्ही चौघंही घरी येतोय. फार भूक लागलीय. आईला सांगाल?"

मी फोन ठेवला आणि हिला म्हणालो, कुकर उघडू नकोस, आणखी दोन वाट्या तांदूळ धू.